फादर गॅब्रिएल अमोर्थ : रोमचे एक्झॉर्सिस्ट (भूत उतरवण्याचा विधी करणारे धर्मगुरू), त्यांचं काम आणि आमच्या घरची एक गोष्ट

सदरवासी :

नमस्कार मंडळी. हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं. धाकट्या भावाला विचारलं, तो म्हणाला लिही, म्हणून आज बसलो.

1996 ची गोष्ट. आम्ही तेव्हा नागपूरच्या सदरला भाड्याने राहायचो. घर वारकरी, बाबा एकादशी चुकवत नसत. भाऊ 19 वर्षांचा, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळीनंतर त्याची झोप गेली. रात्रभर अंगणात येरझाऱ्या घालायचा, कुणाशी तरी बोलायचा, आणि आवाज त्याचा नसायचा, जाड, घोगरा. एका रात्री त्याने आईकडे बघून अशी काही वाक्यं उच्चारली की आई आठ दिवस त्याच्यासमोर एकटी गेली नाही. मग जे होतं तेच झालं. लिंबू उतरवले, अंगारे लावले, शहराबाहेरच्या एका बाबाकडे तीन अमावास्या झाल्या. मधे एका डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्या जरा लागू पडत होत्या. पण कुणीतरी आम्हाला एका प्रार्थनेच्या ठिकाणी नेलं. तिथे सांगितलं की गोळ्या आणि विश्वास एकत्र चालत नाहीत, गोळ्या टाका. बाबांनी टाकल्या. महिन्याभरात भाऊ काडीसारखा झाला.

शेजारच्या ख्रिश्चन आंटींना ते बघवेना. त्या आईला म्हणाल्या, आमच्या ओळखीचे एक म्हातारे फादर आहेत, त्यांना एकदा दाखवा. आईला वाटलं आता हे क्रूस दाखवून भूत काढतील. फादरांनी पांढऱ्या झग्याच्या खिशातून पेन काढलं, टेबलावरची शाळेची शंभर पानी वही ओढली आणि पहिला प्रश्न विचारला, "कधीपासून?"

दीड तास ते तेवढंच करत होते. झोप कधी गेली. जेवण कधी सुटलं. लहानपणी फिट आली होती का, डोक्याला मार लागला होता का, घरात आणखी कुणाला असं झालं होतं का. आईने कॅरीबॅगमधून चिठ्ठ्या आणि गोळ्यांची अर्धवट पाकिटं काढली, ती त्यांनी तारखेप्रमाणे टेबलावर ओळीने मांडली. एका पाकिटावर बोट ठेवून विचारलं, "ही कुणी बंद केली?" बाबा खाली बघत राहिले. मग फादर भावाकडे वळले. त्याच्याशी त्याच्या कॉलेजबद्दल बोलले, तुझ्यासाठी थोडी प्रार्थना केली तर चालेल का असं त्यालाच विचारलं, डोक्यावर हात ठेवून दोन मिनिटं प्रार्थना केली, बस. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ते आमच्यासोबत ऑटोने छिंदवाडा रोडच्या मनोरुग्णालयात आले आणि ओपीडीच्या लाईनमध्ये आमच्या आधी उभे राहिले.

भाऊ आज 48 चा आहे. गोळ्या चालू आहेत. लग्न झालं, झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. मधे दोनदा पुन्हा बिघडलं होतं, तेही सांगतो, सगळं गोडगोड नाही.

नंतर मी फादरांकडे अधूनमधून जायचो. एकदा विचारलं, तुम्ही खरंच भुतं काढता का? ते म्हणाले, मला तो अधिकारच नाही, त्याला बिशपची लेखी परवानगी लागते, आणि ज्यांना ती मिळते त्यांचंही बहुतेक आयुष्य ऐकून घेण्यातच जातं. त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा रोमच्या फादर गॅब्रिएल अमोर्थ यांच्याबद्दल सांगितलं. तेव्हापासून मिळेल ते वाचत आलो. थोडक्यात लिहितो.

अमोर्थ यांचा जन्म 1 मे 1925 चा, इटलीतल्या मोदेना शहरातला. घर वकिलांचं. दुसऱ्या महायुद्धात विशीच्या आत-बाहेर असताना ते फॅसिस्ट आणि जर्मन फौजांविरुद्ध लढणाऱ्या पार्टिझन गटात होते. पुढे कायद्याची पदवी घेतली, ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाच्या तरुण मंडळींत वावरले, राजकारणाचा रस्ता मोकळा होता. तो सोडून ते सोसायटी ऑफ सेंट पॉल या संघात गेले. फादर जाकोमो अल्बेरिओने यांनी 1914 साली काढलेला हा संघ, छापखाना आणि पुस्तकं हेच त्यांचं धर्मकार्य. बांद्र्याचं सेंट पॉल्स प्रकाशन त्याच संघाचं. 1954 मध्ये अमोर्थ धर्मगुरू झाले आणि तीसेक वर्षं त्यांनी लेखन-संपादन केलं, मरिया मातेला वाहिलेल्या मासिकाचे ते संपादक होते. म्हणजे साठी गाठेपर्यंत भुताखेतांशी संबंध नाही.

जून 1986. रोमचा कारभार पोपच्या वतीने बघणारे कार्डिनल उगो पोलेत्ती यांच्याकडे ते भेटायला गेले होते. गप्पांत फादर कांदिदो अमांतिनी यांचं नाव निघालं. हे कांदिदो पॅशनिस्ट संघाचे. लॅटरन बॅसिलिकाजवळ 'स्काला सांता' म्हणून 28 संगमरवरी पायऱ्यांचा जिना आहे, भाविक तो गुडघ्यांवर चढतात. तिथे कांदिदो 36 वर्षं एक्झॉर्सिस्ट म्हणून बसले. त्यांची तब्येत ढासळली होती, मदतनीस हवा होता. कार्डिनलनी तिथल्या तिथे कागद ओढला आणि अमोर्थ यांची नेमणूक लिहून दिली. अमोर्थ म्हणत राहिले की मला यातलं काही येत नाही. वय 61.

मग सहा वर्षं कांदिदोंच्या हाताखाली उमेदवारी. सप्टेंबर 1992 मध्ये कांदिदो वारले. अमोर्थ मात्र नव्वदीपर्यंत थांबले नाहीत. संघाच्या घरातली एक खोली, एक आरामखुर्ची, जांभळा स्टोल (धर्मगुरू गळ्यात घालतात तो लांब पट्टा), पवित्र पाणी, तेल, क्रूस आणि संत बेनेडिक्टचं पदक. स्टोलचं टोक समोरच्या माणसाच्या खांद्यावर टाकायचे आणि लॅटिनमध्ये प्रार्थना सुरू करायचे. 16 सप्टेंबर 2016 ला रोममध्ये ते गेले, वय 91.

सिनेमावाल्यांनी यातलं किंचाळणं तेवढं उचललं. मला त्यात दिसतो तो साठीनंतर नवं काम शिकायला बसलेला माणूस. रोज दारात दुखणाईत माणसं, आणि त्यांतल्या बहुतेकांना "तुम्हाला हे झालेलं नाही" असं सांगून तरीही रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, हे काम आहे. आमच्या फादरांनी तेच केलं होतं.

तर्रीपोहा :

दादा, भावाबद्दल वाचून बरं वाटलं. इतक्या मोकळेपणाने लिहिलं त्याबद्दल तुम्हालाही आणि त्यालाही नमस्कार.

पण एक विचारतो. योगाला सैतानी म्हणणारे ते हेच नं? 2011 मध्ये पेपरात आलं होतं, मला पक्कं आठवते. माझी माय रोज सकाळी अंबाझरीला योगवर्गाला जाते, तिचे गुडघे त्याच्यानेच चालून राहिले. मग त्या माणसाचं बाकी सगळं मी काहून ऐकू? आन् ते लाख-दीड लाख भुतं काढली म्हणायचे, तो आकडा तरी पटण्यासारखा आहे का? वर्षाला किती होते हिशेब करा.

सदरवासी :

हो, हेच ते. योगाबद्दल बोलले, मुलांच्या जादूच्या गोष्टींबद्दलही बोलले. मला ते पटत नाही आणि त्याची सफाई मी देणार नाही. आपल्याकडच्या माणसाला तो शब्द लागणारच, मलाही लागला. माणूस दुखणेकऱ्यांजवळ बसण्यात मोठा होता म्हणून दुसऱ्यांच्या परंपरेबद्दल त्याला सगळं कळत होतं असं होत नाही.

आकड्याचं सांगतो. 2010 मध्ये 70 हजार आणि 2013 मध्ये 1 लाख 60 हजार असे आकडे त्यांच्या नावावर छापून आले. ते माणसांचे नाहीत, प्रार्थनेच्या वेळांचे आहेत. एकाच माणसावर दिवसातून चारदा प्रार्थना झाली की चार मोजायच्या, आणि काही माणसं त्यांच्याकडे वर्षानुवर्षं येत होती. तरीही आकडा फुगलेला वाटतोच, त्यात तुमचं चूक नाही. खऱ्या अर्थाने पछाडलेली म्हणावीत अशी माणसं आपण शंभरेकच पाहिली असं तेच सांगायचे. मला तो शंभराचा आकडा जास्त बोलका वाटतो.

गोरेवाडा :

मी कॅथलिक. सेमिनरी हिल्सला हे नाव ज्या सेंट चार्ल्स सेमिनरीमुळे पडलं, तिथे मी चार वर्षं काढली. धर्मगुरू झालो नाही, पण शिकलेलं विसरलो नाही. काही गोष्टींची भर घालतो.

पहिलं म्हणजे पेपरवाले अमोर्थना 'व्हॅटिकनचे मुख्य एक्झॉर्सिस्ट' म्हणायचे, ते बरोबर नाही. ते रोम धर्मप्रांताचे होते. व्हॅटिकनमध्ये तसं मुख्य पद नाही. प्रत्येक बिशप आपल्या धर्मप्रांतापुरता अधिकार देतो, आपल्या नागपूरच्या महाधर्मप्रांतात तो आर्चबिशपांचा. चर्चच्या कायद्याचा कॅनन 1172, म्हणजे कलम, अगदी छोटा आहे. बिशपच्या खास आणि स्पष्ट परवानगीशिवाय कुणीही पछाडलेल्या माणसावर हा विधी करायचा नाही, आणि परवानगी द्यायची ती भक्ती, ज्ञान, शहाणपण आणि स्वच्छ आयुष्य असलेल्या धर्मगुरूलाच. सिस्टरला नाही, प्रार्थनेच्या ग्रुपच्या पुढाऱ्याला नाही. 1985 मध्ये रोमने पत्र काढून पुन्हा बजावलं की सामान्य भाविकांनी सैतानाला उद्देशून असल्या प्रार्थना म्हणायच्या नाहीत. सदरवासी दादा, तुमच्या बाबांना गोळ्या टाकायला लावणाऱ्यांना असं सांगायचा अधिकार कुणी दिला होता, हा प्रश्न आमच्याच लोकांनी विचारायला हवा.

दुसरं, 1614 च्या जुन्या लॅटिन विधीतला पहिला नियम आम्हाला शिकवला होता : कुणी पछाडलेला आहे यावर सहजासहजी विश्वास ठेवू नका. पुढे म्हटलंय, काळं पित्त किंवा एखाद्या रोगाने पिडलेल्या माणसापासून तो वेगळा ओळखता आला पाहिजे. काळं पित्त म्हणजे तेव्हाच्या वैद्यकात मेलँकोलिया, आजच्या भाषेत डिप्रेशनच्या जवळचं. हे चारशे वर्षांपूर्वीचं आहे. खुणा दिल्या आहेत त्या अशा : कधी न शिकलेली भाषा सलग बोलणं, दूरचं किंवा लपलेलं सांगणं, वयाला न शोभणारी ताकद. आणि या खुणाही एकट्याने पुरेशा धरायच्या नाहीत.

नवा विधी जानेवारी 1999 मध्ये बाहेर आला. त्यात दोन तऱ्हेच्या प्रार्थना आहेत, एक देवाकडे विनवणी करणारी आणि दुसरी सैतानाला थेट आज्ञा देणारी. विनवणीशिवाय नुसती आज्ञा म्हणता येत नाही. अमोर्थना हा नवा विधी आवडला नव्हता, उघड टीका करायचे. खात्री झाल्याशिवाय विधी करू नका हे त्यांना मान्य नव्हतं, त्यांचं म्हणणं विधी केल्यावरच खात्री होते. या एका मुद्द्यावर मी त्यांच्या बाजूचा नाही. औषध देऊन रोग ओळखण्यासारखं आहे ते.

बाकी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. आमच्यात प्रत्येक बाळाच्या बाप्तिस्म्यात एक लहानशी एक्झॉर्सिझमची प्रार्थना असते. माझ्या मुलीच्या वेळी ती झाली तेव्हा ती झोपली होती.

मानकापूर_नाका :

मी मनोरुग्णांच्या वॉर्डात 22 वर्षं नर्सिंग केलं, आता निवृत्त आहे. धागा रात्री वाचला आणि झोप लागली नाही.

दादा, तुमच्या फादरांनी विचारलेला "कधीपासून?" हाच आमच्या केसपेपरवरचा पहिला रकाना. सगळ्यात अवघडही तोच असतो. घरचे सांगतात, "चांगला होता हो, परवापासूनच." मग खोदत गेलं की कळतं दोन वर्षं झाली. मधल्या दोन वर्षांत किती ठिकाणी नेलं ते हातावरच्या डागांवरून कळतं. चटके, दोऱ्याचे वळ, कपाळावरची भाजलेली जागा. मी रागावणं केव्हाच सोडलं. आणणारी माय सगळीकडे फिरून, दागिने विकून आलेली असते, तिच्यावर ओरडून तिला पुन्हा बाबाकडेच पाठवायचं का? आमचे एक डॉक्टर गळ्यातला ताईत कधी काढायला लावत नसत. राहू द्या, म्हणायचे, गोळीही राहू द्या.

आवाज बदलणं, दुसऱ्याच्या नावाने बोलणं, अंगात येणं, याला आमच्या पुस्तकात जागा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 'ट्रान्स आणि पझेशन' असा वेगळा प्रकारच दिलेला आहे, आणि त्यात स्पष्ट आहे की धार्मिक प्रसंगी, सर्वांना मान्य रीतीने अंगात येणं हा आजार धरायचा नाही. नवरात्रात घुमणाऱ्या बाईला आम्ही ॲडमिट करत नाही. फिट्सचे काही प्रकार असे असतात की हातपाय झाडत नाहीत, माणूस नुसता एकटक बघतो, ओठ चाटतो, विचित्र वास येतो म्हणतो. 2007 मध्ये मेंदूच्या सुजेचा एक प्रकार नीट ओळखला गेला, त्याला अँटी-एनएमडीए एन्सेफलायटिस म्हणतात. तरुण मुली, आठ-पंधरा दिवसांत वेड लागल्यासारखं वागणं, तोंड वेडंवाकडं होणं, मग झटके. वेळेत कळलं तर यातल्या बऱ्याच मुली बऱ्या होतात. त्याआधी अशा किती पोरी कुणाच्या ओट्यावर गेल्या असतील, देव जाणे.

कडूनिंब :

मी अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करतो, त्यामुळे माझा सूर वेगळा लागेल, पण सदरवासी, तुमच्याबद्दल आणि त्या फादरांबद्दल आदर ठेवूनच लिहितोय.

गोरेवाडा म्हणतात परवानगी लागते, नियम आहेत, डॉक्टरांना विचारायचं असतं. अ‍ॅनेलीज मिशेलचं काय? जर्मनीतल्या बव्हेरियाची विद्यार्थिनी. सोळाव्या वर्षापासून फिट्स, उपचार चालू. सप्टेंबर 1975 पासून दोन धर्मगुरूंनी तिच्यावर 67 वेळा हा विधी केला. बिशपची लेखी परवानगी होती. विधी तोच, 1614 चा. तिने खाणं सोडलं. 1 जुलै 1976 ला ती उपासमारीने गेली, वय 23, वजन 30 किलोच्या आसपास. 1978 मध्ये आईवडील आणि दोन्ही धर्मगुरू निष्काळजीपणाने मृत्यूला कारण झाल्याबद्दल दोषी ठरले. सगळे कागद व्यवस्थित होते आणि मुलगी गेली.

आणि हा एका धर्माचा प्रश्न नाही. तमिळनाडूत एर्वाडीला 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे आग लागली, साखळ्यांनी बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत, 28 जण गेले. दर्ग्याजवळ बरं वाटतं म्हणून घरच्यांनी आणून ठेवलेली माणसं होती ती.

आपला जादूटोणाविरोधी कायदा डिसेंबर 2013 मध्ये इथेच, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मंजूर झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून होऊन चार महिने झाले नव्हते. त्याच्या अनुसूचीत पहिलंच कलम आहे : भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, काठीने-चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, चटके देणं. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा, पाच ते पन्नास हजार दंड. शरीराला इजा न करणारी प्रार्थना, पूजा, उपासना, मग ती मंदिरातली असो, दर्ग्यातली की चर्चमधली, कायद्याने वगळलेली आहे. तुमच्या फादरांच्या दोन मिनिटांच्या प्रार्थनेला आमचा विरोध कधीच नव्हता. विरोध आहे तो जगभर मुलाखती देऊन "सैतान आहे, सगळीकडे आहे" असं सांगण्याला. ती मुलाखत वाचून कुणाची तरी गोळी बंद होते.

गोरेवाडा :

कडूनिंब भाऊ, अ‍ॅनेलीजच्या बाबतीत माझ्याकडे बचाव नाही. आम्हाला सेमिनरीत ती केस शिकवली नव्हती, मी बाहेर पडल्यावर वाचली आणि आठ दिवस मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाताना पाय जड व्हायचे. परवानगी देणाऱ्याने एकदा सही करून भागत नाही, मुलगी जेवते का हे दर आठवड्याला कुणीतरी बघायला हवं होतं. त्यानंतर जर्मनीतले बिशप फार सावध झाले. सैतान आहे असं मी मानतो, ते लपवत नाही. पण तो आहे असं मानणाऱ्यावरच जास्त जबाबदारी येते की आजाराला त्याचं नाव देऊ नये.

अमोर्थ आणि त्यांच्या सोबत्यांनी 1990 च्या दशकात एक्झॉर्सिस्टांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली, 2014 मध्ये व्हॅटिकनने तिच्या नियमावलीला मान्यता दिली. त्यामागचं कारण हेच होतं की एकेकटा धर्मगुरू स्वतःच्या मनाने काहीही करू नये, दुसऱ्याला विचारावं. ते कितपत साधलं यावर आपलं दुमत राहील.

मार्कच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय जमलं तर वाचा. बाप मुलाला घेऊन येतो. मुलगा पडतो, तोंडाला फेस येतो, दात खातो, अंग ताठ होतं. येशू काही करण्याआधी बापाला विचारतो, असं कधीपासून होतं? बाप म्हणतो, लहानपणापासून. सदरवासी दादा, तुमच्या फादरांचा प्रश्न कुठून आला असेल, मला वाटतं तिथूनच.

सदरवासी :

गोरेवाडा, हे मला माहीत नव्हतं. भावाला वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, थोड्या वेळाने म्हणाला परत वाच.

संत्राबर्फी :

मी ताजबागजवळ वाढले. आमची आजी मुसलमान नव्हती, पण दर गुरुवारी बाबा ताजुद्दीनच्या दर्ग्यावर जायची. तिथे डोकं घुमवणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहिल्या. भीती वाटायची, पण आजी म्हणायची, रडू दे तिला, घरी रडता येत नसेल.

मानकापूर ताईंच्या पोस्टवरून आठवलं म्हणून लिहिते. बाबा ताजुद्दीन स्वतः 1892 पासून सोळा वर्षं नागपूरच्या पागलखान्यात होते. तोच हा, 1864 चा, छिंदवाडा रोडचा. इंग्रजांनी त्यांना वेडे ठरवून टाकलं होतं आणि लोक तिकीट काढून तिथेच दर्शनाला जायचे असं आजी सांगायची. तिकिटाचं खरंखोटं मला माहीत नाही. 1908 मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना बाहेर काढून आपल्या घरी नेलं. आमच्या शहरात संत आणि दवाखाना असे एकाच भिंतीच्या आत राहून गेलेत. म्हणून मला दोन्हीतलं एक निवडा असं कुणी म्हटलं की जमत नाही.

गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात डॉक्टर आणि मुजावर, म्हणजे दर्ग्याचे सेवेकरी, मिळून काम करतात, 'दवा और दुआ' म्हणतात त्याला. मुजावरच सांगतो, आधी त्या खोलीत डॉक्टर बसलेत त्यांना भेटून ये. आपल्याकडे का होऊ नये?

कडूनिंब :

संत्राबर्फी ताई, ते काम मला माहीत आहे आणि आमच्यातल्या काहींचा विरोध असला तरी मी त्याच्या बाजूने आहे. साखळी सुटते ना, मग सुरुवात कुठूनही होऊ द्या.

वेणा_काठ :

नवीन सदस्य. फक्त वाचत होतो, आज लिहावं लागतंय. माझी पुतणी 16 वर्षांची आहे. गाव हिंगण्याकडे. दोन महिन्यांपासून मधेच थांबते, एकटक बघते, ओठ हलवते, हाक मारली तर ऐकत नाही. मिनिटभराने नॉर्मल. परवा पडली, हातपाय ताठ झाले. गावात बोलून राहिले की विहिरीजवळून आली तेव्हाचं आहे. दादा-वहिनी येत्या रविवारी तिला एका ठिकाणी नेणार आहेत, पैसे भरले आहेत. मी लहान, माझं कोण ऐकणार. काय बोलू?

मानकापूर_नाका :

बाळा, आधी हे कर. पुन्हा तसं झालं तर मोबाइलवर व्हिडिओ काढ, डॉक्टरांना त्याने फार मदत होते. पडली तर कुशीवर वळव, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका, चप्पल-कांदा हुंगवू नका, दाबून धरू नका. घड्याळ बघ. पाच मिनिटांच्या वर गेलं तर थांबायचं नाही, जवळच्या सरकारी दवाखान्यात. नाहीतर उद्याच मेडिकल कॉलेजच्या ओपीडीला या, सकाळी लवकर. रात्री-बेरात्री फोनवर बोलायचं असेल तर 14416 हा टेलिमानसचा नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. पण हे फिटसारखं वाटतंय, त्यामुळे दाखवायलाच हवं.

सदरवासी :

आणि दादांशी भांडू नका. त्या ठिकाणी जाऊ नका असंही म्हणू नका, ते हट्टाला पेटतील. म्हणा, रविवारी जायचं ते जा, मी अडवत नाही, त्याच्या आधी एक दिवस मला द्या. आमच्या फादरांनी बाबांना असंच सांगितलं होतं. त्यांनी बाबांची श्रद्धा काढून घेतली नाही, म्हणून बाबा ओपीडीत आले. वही घेऊन जा आणि वहिनींना बोलू द्या. आईला सगळं माहीत असतं.

गोरेवाडा :

कुणी पैसे मागून प्रार्थना करत असेल, मग तो कुठल्याही धर्माचा असो, तिथून उठून यायचं. आमच्या इथे तर हे स्पष्टच शिकवतात.

कडूनिंब :

रविवारच्या ठिकाणी मारहाण, धुरी, बांधणं असलं काही होतं असं कळलं तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पोलीस ठाण्यात सोबत येईन. तोवर मानकापूर ताई सांगतात तेच.

वेणा_काठ :

काल जाऊन आलो. दादा येतो म्हणाला नव्हता, पण बसस्टॉपवर आधीच उभा होता. डॉक्टर मॅडमनी पहिलं तेच विचारलं, कधीपासून. मी वही काढली, पण बोलली वहिनीच. ती म्हणाली दोन महिने नाही, शाळेत आठवीला असतानाच बाई सांगायच्या की पोरगी वर्गात हरवते. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. व्हिडिओ मॅडमनी तीनदा पाहिला. फिट्सचाच प्रकार वाटतो म्हणाल्या, गोळी सुरू केली आणि मेंदूची पट्टी (ईईजी) काढायला गुरुवारची तारीख दिली. रविवारचं दादाने अजून रद्द केलं नाही. बघू.

पट्टीला काही उपाशी वगैरे यावं लागते का?

मानकापूर_नाका :

उपाशी नाही, जेवून या. गोळी चुकवायची नाही. आदल्या रात्री केस शाम्पूने धुवा आणि सकाळी तेल लावू नका, नाहीतर वायरी डोक्याला चिकटत नाहीत आणि परत पाठवतात.

वेणा_काठ :

तेलाचं बरं सांगितलं ताई. वहिनी रोज सकाळी चापून लावते तिला. आताच फोन करतो.